साथ स्वयंपाकघरात सुरू होत नाही

दूषित अन्नातून जिवाणूंची साथ पसरल्याची बातमी आली की दोन दिवसांत वादाच्या दोन बाजू ठरून जातात. एक बाजू म्हणते, लोकांना स्वच्छतेची सवयच नाही. हात धुवा, नीट शिजवा, शिळं खाऊ नका, मग काही होत नाही. दुसरी म्हणते, आता विकतचं काहीच खायच्या लायकीचं राहिलेलं नाही, सगळंच बंद करा. पहिली बाजू आजारी माणसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते, दुसरी झाडून सगळ्यांना. नेमकं कोणतं अन्न, कुठून आलेलं, कोणत्या तारखेचं, हा प्रश्न दोघींच्याही गावी नसतो. माझं म्हणणं असं आहे की एरवीच्या दिवसांत आपल्याला स्वयंपाकघरातल्या सवयी वाचवतात, पण साथीच्या दिवसांत सर्वांत आधी माहिती वाचवते. ही माहिती आजारी माणसाच्या आठवणीतून आणि त्याच्या शौचाच्या नमुन्यातून निघते, लॅबमध्ये पक्की होते, आणि आरोग्य खात्याने ती वेळेत, पदार्थाचं नाव घेऊन सांगितली तरच कोणाच्या उपयोगी पडते. यातलं एक काम जरी राहिलं तरी घराघरांत कितीही हात धुतले गेले तरी साथ चालूच राहते.

साथ आणि घरातली विषबाधा यांत आपण नेहमी गल्लत करतो. रात्रीचं अन्न झाकून बाहेरच राहिलं, सकाळी ते खाल्लं आणि दुपारी दोघांना उलट्या सुरू झाल्या, तर चूक कुठे झाली हे त्या घराला शोधावं लागत नाही. पण एकमेकांचं तोंडही न पाहिलेली, वेगवेगळ्या गावांतली माणसं एकाच जातीच्या जिवाणूने आजारी पडू लागतात, तेव्हा त्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात एकाच आठवड्यात एकच चूक झाली असं कसं मानायचं? त्यांच्या घरी पोहोचण्याआधीच बिघडलेला एखादा पदार्थ, एवढीच गोष्ट त्यांच्यात समान असते. तो शेतातल्या पाण्याने बिघडला असेल, कत्तलखान्यात, कारखान्यात किंवा वाटेतल्या गोदामात. घरच्या कर्त्या माणसाच्या हातात तो येतो तेव्हा तो दिसायला, वासाला, चवीला अगदी चांगला असतो. हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. नाकाने किंवा जिभेने साल्मोनेलासारखा आजारी पाडणारा जिवाणू ओळखता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घेऊ. जानेवारी २०१७ ते जुलै २०१८ या काळात तिथे लिस्टेरियाची साथ आली. जगात आजवर नोंदलेली ही या जिवाणूची सर्वांत मोठी साथ. १,०६० रुग्ण, २१६ मृत्यू. रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक नवजात बाळं होती, ज्यांच्यापर्यंत संसर्ग आईकडून पोहोचला होता. साथीचं मूळ निघालं पोलोक्वाने इथल्या एका कारखान्यातली पोलोनी. पोलोनी म्हणजे आवरणात भरून शिजवलेलं तयार मांस. ते स्वस्त असतं, आणि काप करून न तापवता तसंच खायचं असतं. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो, सावकाश वाढतो, पण वाढतो. आता स्वच्छतेचा एकच मंत्र म्हणणाऱ्यांनी सांगावं: ज्या गरोदर बाईने ते पाकीट लगेच फ्रिजमध्ये ठेवलं, हात धुतले, धुतलेल्या सुरीने काप केले आणि खाल्ले, तिने कोणता नियम मोडला होता?

त्या साथीचं मूळ कसं सापडलं हे जवळून पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली पाच वर्षांखालची नऊ मुलं ताप आणि जुलाब घेऊन ख्रिस हानी बारागवनाथ रुग्णालयात आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना लिस्टेरियाची शंका आली. लहान मुलांचे जुलाब म्हणजे सलाइन लावून दोन दिवसांत घरी, असं न करता त्यांनी नमुने लॅबला पाठवले. एका मुलाच्या शौचात लिस्टेरिया सापडला. आरोग्य निरीक्षक पाळणाघरात गेले, त्यांनी फ्रिज उघडला, तर आत पोलोनी, आणि तिच्यातही लिस्टेरिया. तिथून माग कारखान्यापर्यंत गेला, कारखान्यातल्या नमुन्यांत रुग्णांच्या शरीरात होता तोच जनुकीय प्रकार मिळाला, आणि ४ मार्च २०१८ ला सरकारने पदार्थाचं आणि कारखान्याचं नाव जाहीर करून माल परत मागवायला लावला. त्यानंतर रुग्णांचा आकडा भराभर खाली आला. देशातल्या लोकांच्या सवयी काही त्या आठवड्यात बदलल्या नव्हत्या. पण त्याआधीचे महिनेही मोजायला हवेत. नवजात बाळांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्ण वाढत असल्याचं जुलै २०१७ मध्येच कळवलं होतं. तोवर त्या देशात लिस्टेरियाचा रुग्ण आढळला तर तो सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारकच नव्हतं. ते डिसेंबर २०१७ मध्ये झालं.

स्वयंपाकघराला काही किंमत नाही असं म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी माणसं दूषित अन्नाने आजारी पडतात, ४ लाख २० हजार दगावतात, आणि त्यांत सव्वा लाखाच्या आसपास पाच वर्षांखालची मुलं असतात. यातली फार मोठी संख्या कुठल्याही गाजलेल्या साथीतली नसते. ती घरात, लहानशा भोजनालयात, समारंभाच्या जेवणात सुटी सुटी आजारी पडलेली माणसं असतात. तिथे त्या संघटनेच्या पाच नियमांना तोड नाही: स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, अन्न एकतर गरम किंवा थंड ठेवा पण कोमट ठेवू नका, आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित घ्या. ७० अंश सेल्सियसपर्यंत आतून तापलेल्या अन्नात बहुतेक रोगजंतू मरतात. ५ ते ६० अंशांच्या मधे ते झपाट्याने वाढतात. साथीतही हे खोटं ठरत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत जॅक इन द बॉक्स या उपाहारगृहांच्या साखळीतल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय या जिवाणूचा ओ१५७ हा घातक प्रकार पसरला, चार राज्यांत सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं गेली. त्या मांसाच्या टिकिया वॉशिंग्टन राज्याच्या नियमाएवढ्या, म्हणजे १५५ अंश फॅरनहाइटपर्यंत, तापवल्या असत्या तर जिवाणू मेले असते. तिथे शिजवण्यात कसूर झाली, हे मान्य करायलाच हवं.

पण मग ती कसूर कोणाची? पोरांना घेऊन तिथे जेवायला गेलेल्या आईची नक्कीच नाही. आणि मांसात हा जिवाणू मुळात आला कुठून, हा प्रश्न उरतोच. या वादाचा इतिहास फार बोलका आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने मागणी केली होती की कच्च्या मांसावर साल्मोनेलाचा इशारा छापावा. १९७४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की अमेरिकन गृहिणी आणि स्वयंपाकी अडाणी किंवा मूर्ख नसतात, आणि त्यांच्या शिजवण्याच्या पद्धतीने सहसा साल्मोनेलाचा आजार होत नाही. वाचायला हे गृहिणीचं कौतुक वाटतं. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की मांसात जंतू आहेत हे तिला सांगायचं नाही, आणि आजार झालाच तर तो तिच्या हातून झाला असं धरायचं. पुढची वीस वर्षं साधारण हीच भूमिका चालली. १९९३ च्या मृत्यूंनंतर, १९९४ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने भरड केलेल्या कच्च्या गोमांसात ओ१५७ सापडला तर तो माल कायद्याने भेसळयुक्त ठरेल असं जाहीर केलं. उद्योगाच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि हरल्या. जबाबदारी चुलीपासून कारखान्याकडे सरकली ती तेव्हा. त्यासाठी आधी चार मुलांना मरावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

ज्यांना अजून वाटतं की काळजीपूर्वक खरेदी केली की भागतं, त्यांनी स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनची १९६४ ची विषमज्वराची साथ आठवावी. चारशेहून अधिक लोक आजारी पडले. मूळ होतं अर्जेंटिनाहून आलेला डबाबंद गोमांसाचा एक मोठा डबा. कारखान्यात गरम डबे नदीच्या शुद्ध न केलेल्या पाण्यात गार केले जात, आणि डब्याच्या बारीकशा छिद्रातून ते पाणी आत ओढलं गेलं असावं असा निष्कर्ष निघाला. तो डबा एका सुपरमार्केटमध्ये उघडला गेला आणि आतलं मांस काप करायच्या यंत्रावर कापलं गेलं. त्याच पात्यावर नंतर दुसरी थंड मांसं कापली गेली. म्हणजे ते डबाबंद मांस ज्यांनी कधी मागितलंच नव्हतं, अशांच्या पुडीतही विषमज्वराचे जिवाणू गेले. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने काय पाहून सावध व्हायचं होतं?

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप. नाव लवकर जाहीर करा म्हणणं सोपं आहे; नाव चुकलं तर? आणि नावं चुकलेली आहेत. मे २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या ओ१०४ या प्रकाराची भयंकर साथ आली. सुमारे चार हजार रुग्ण, पन्नासहून अधिक मृत्यू, शेकडो लोकांची मूत्रपिंडं निकामी. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य प्रशासनाने स्पेनहून आलेल्या काकड्यांवर जिवाणू सापडल्याचं सांगितलं. काकड्यांवर ई. कोलाय होता हे खरं, पण रुग्णांमधला प्रकार तो नव्हता. तोवर काकड्यांचे ढीग शेतातच टाकून द्यावे लागत होते, रशियाने युरोपातल्या भाज्या बंद केल्या, आणि शेवटी युरोपीय संघाला शेतकऱ्यांना २० कोटी युरोंहून अधिक भरपाई द्यावी लागली. २००८ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाच्या साथीत आधी टोमॅटोवर बोट ठेवलं गेलं, नंतर माग मिरच्यांपर्यंत पोहोचला. मधल्या काळात टोमॅटोवाले बुडाले. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ१५७ पसरून हजारो मुलं आजारी पडली, तेव्हा सरकारने मुळ्याच्या मोडांवर संशय व्यक्त केला. त्या पिकाची विक्री कोसळली, खुद्द आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी कॅमेऱ्यांसमोर मोड खाऊन दाखवले, आणि पुढे उत्पादकांनी सरकारविरुद्धचे खटले जिंकले. निरपराध शेतकऱ्याचं वर्षाचं पीक मातीत जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. जो कोणी नाव जाहीर करा म्हणतो, त्याला या शेतकऱ्यांकडे पाहूनच बोलावं लागेल.

पाहूनच बोलतो. हॅम्बुर्गमध्ये लवकर बोलणं ही चूक नव्हती. हातात जेवढा पुरावा होता त्याहून जास्त बोललं गेलं, ही चूक होती. काकडीवरचा जिवाणू रुग्णांमधलाच आहे का ही तपासणी पूर्ण व्हायच्या आधी एका देशाच्या मालाचं नाव घेतलं गेलं. संशय, दाट शक्यता आणि खात्री या तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर लोकांना वेगळा सल्ला देता येतो: संशय असेल तेव्हा तूर्त हा पदार्थ खाऊ नका, खात्री झाली की या कारखान्याचा या तारखांचा माल परत करा, बाकीचा निर्धास्त खा. लोकांना एवढा फरक कळत नाही असं समजणं म्हणजे १९७४ च्या त्या निकालाच्या उलट टोकाला जाणं आहे. तेव्हा गृहिणीला सगळं कळतं असं धरलं, आता कुणालाच काही कळत नाही असं धरायचं. शिवाय खाती गप्प बसली म्हणून पदार्थांची बदनामी टळते का? मुळीच नाही. अधिकृत नाव नसेल तिथे अफवा नाव देते, आणि अफवेने बुडालेल्या शेतकऱ्याला भरपाईही मागता येत नाही. युरोपने ती दिली, उशिरा आणि अपुरी का होईना. जाहीर सूचनेने ज्याचं चुकून नुकसान झालं त्याला सार्वजनिक पैशातून भरपाई मिळणं हा नियमच असायला हवा. मग अधिकाऱ्याला वेळेत बोलायची भीती उरणार नाही. ही भीती आज कितीतरी ठिकाणी मौनाचं खरं कारण असते, पुराव्याचा अभाव हे सांगायचं कारण असतं.

आणि जर्मनीतलं खरं मूळ सापडलं ते कशामुळे? सुरुवातीच्या पाहणीत रुग्णांना टोमॅटो, काकडी, सॅलडची पानं आठवत होती. मोड आलेलं धान्य खाल्ल्याचं चारांतल्या एकालाच आठवलं. यात रुग्णांचा दोष नाही. ताटावर चिमूटभर भुरभुरलेली गोष्ट कोणाच्या लक्षात राहते? मग संशोधकांनी प्रश्नच बदलला. एकाच उपाहारगृहात जेवून गेलेले दहा गट त्यांनी शोधले, कोणी काय मागवलं हे बिलांवरून आणि लोकांनी काढलेल्या फोटोंवरून ठरवलं, आणि त्या पदार्थात नेमकं काय काय पडतं हे थेट स्वयंपाक्याला विचारलं. आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात मोड होते. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याच जिवाणूचे रुग्ण निघाले, तेव्हा दोन्हीकडचा धागा इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांच्या एकाच मालापाशी जुळला. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. बियांवरचे मोजके जिवाणू दोनतीन दिवसांत असंख्य होतात, आणि वरून कितीही धुतलं तरी सगळे निघत नाहीत. कच्चे मोड पौष्टिक म्हणून खाणाऱ्या माणसाइतकी आरोग्याची काळजी दुसरं कोण घेतं? त्या साथीतल्या रुग्णांत प्रौढ स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

म्हणून साथीत सामान्य माणसाचं पहिलं कर्तव्य कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी हात धुण्याच्या आधी दुसरीच गोष्ट सांगेन: तीव्र जुलाब झाले, शौचात रक्त दिसलं, मोठा ताप आला, तर शौचाची तपासणी करून घ्या, आणि गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं ते आठवेल तसं त्याच दिवशी लिहून ठेवा. पाकीट, डबा, बिल, फोटो, काहीही टाकू नका. साल्मोनेलाची लक्षणं काही तासांत ते सहा दिवसांत दिसतात, ओ१५७ ची साधारण तीनचार दिवसांनी, विषमज्वराची कधी तीन-चार आठवड्यांनी, आणि लिस्टेरियाची तर दोन महिन्यांनंतरही. आपण मात्र कालच्या जेवणालाच दोष देऊन मोकळे होतो. तपासणीने काय फरक पडतो हे १९९३ च्याच साथीत दिसलं. वॉशिंग्टन राज्यात ओ१५७ चा रुग्ण कळवणं १९८७ पासून सक्तीचं होतं. तिथे साथ जानेवारीत पटकन ओळखली गेली, हॅम्बर्गर काढून घेतले गेले, आणि त्यामुळे सुमारे ८०० माणसं आजारी पडण्यापासून वाचली असा अंदाज नंतर तज्ज्ञांनी मांडला. नेवाडातल्या लास व्हेगासमध्ये त्याच साखळीचे हॅम्बर्गर खाऊन लोकांना रक्ताचे जुलाब होत होते. पण तिथल्या लॅबमध्ये या जिवाणूची तपासणीच होत नव्हती. वॉशिंग्टनची बातमी फुटेपर्यंत आपल्या शहरात साथ आहे हे तिथे कोणाला कळलंच नाही.

इथे डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे: प्रत्येक जुलाबाला कुठे कल्चर करायचं, म्हणजे नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून पाहायचे? बहुतेक जुलाब पाणी, मीठ, साखर पोटात जात राहिली की आपोआप थांबतात. खरं आहे, जुलाबात जीव जातो तो बहुधा अंगातलं पाणी संपल्याने, आणि ओआरएससारखा स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. पण साथीच्या काळात, निदान रक्त पडणाऱ्या आणि तापाच्या रुग्णाची तपासणी टाळून थेट अँटिबायोटिक सुरू करणं ही सोय दोन्हीकडून महागात पडते. एक तर औषधानंतर नमुन्यात जिवाणू सापडत नाही आणि माग तुटतो. दुसरं, ओ१५७ सारख्या जिवाणूंत अँटिबायोटिकने मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढू शकतो, आणि शौचात रक्त असताना जुलाब दाबणारी गोळी घेणंही धोक्याचं. उलट विषमज्वरात आणि लिस्टेरियात तेच अँटिबायोटिक जीव वाचवतं. कोणता जिवाणू आहे हे तपासल्याशिवाय कसं कळणार? मूत्रपिंडांचा बिघाड बऱ्याचदा जुलाब उतरू लागल्यावर, साधारण आठवड्याभराने होतो; मूल बरं वाटतंय म्हणून घरचे निवांत होतात, आणि नेमकं तेव्हाच लघवी कमी होते, चेहरा पांढराफटक पडतो. आईवडिलांना ही एक गोष्ट ठाऊक असेल तर मूल वेळेत रुग्णालयात पोहोचतं.

अंगात ताकद असली की असल्या जंतूंनी काही होत नाही, आमच्या लहानपणी असली थेरं नव्हती, असाही एक सूर असतो. त्यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. धडधाकट माणसाला लिस्टेरियाने जेमतेम पोट बिघडेल. त्याच ताटातून खाणाऱ्या गरोदर सुनेला थोडा ताप आणि अंगदुखी होईल आणि मूल पोटातच दगावू शकेल. घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस, कर्करोगाचे उपचार घेणारा कोणी असेल, तर स्वतःच्या ताकदीच्या हिशेबाने घराचं जेवण ठरवायचा हक्क कोणालाच नाही. आणि लहानपणी असली थेरं नव्हती म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की तेव्हा मेलेल्या मुलांच्या मृत्यूचं कारण कोण तपासत होतं.

साथीतला सर्वांत दुर्लक्षित माणूस मात्र वेगळाच आहे: दुसऱ्यासाठी अन्न रांधणारा, वाढणारा, पॅक करणारा कामगार. न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट सगळे 'टायफॉइड मेरी' म्हणून सांगतात. ती स्वयंपाकीण होती, स्वतः ठणठणीत होती, आणि विषमज्वराचे जिवाणू अंगात बाळगून होती. १९०७ मध्ये तिला पकडून बेटावर एकांतात ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं, १९१५ मध्ये ती एका प्रसूती रुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली, आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्याच बेटावर राहिली. तिने वचन मोडलं, लोक आजारी पडले, काही मेले. हे नाकारता येत नाही. पण स्वयंपाकाचं काम सोडलं की तिची कमाई घटणार होती, आणि ती भरून काढायची सोय कोणी केली होती? आजही जुलाब लागलेला कामगार कामावर येतो, कारण न आल्यास त्या दिवसाची मजुरी जाते. त्याला हात धुण्याचे फलक दाखवून काय होणार? आजारपणाची पगारी रजा हा साथ रोखण्याचा उपाय आहे, आणि तो फलकापेक्षा कितीतरी जास्त काम करेल. घरातही हेच लागू आहे. जुलाब असलेल्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये, बरं वाटल्यावरही निदान दोन दिवस थांबावं. आणि बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे घरची बाई असते, म्हणून दोन दिवस दुसऱ्या कोणी चुलीपाशी उभं राहावं.

घरात काय करायचं हेही सांगतो, कारण इथे चुकीच्या समजुती जीवघेण्या ठरतात. संशयित म्हणून जाहीर झालेला पदार्थ चाखून पाहायचा नाही, उकळून वापरायचा नाही, कोणाला द्यायचाही नाही. पिशवीत बांधून टाकायचा किंवा सूचनेप्रमाणे परत करायचा, आणि तो ठेवला होता तो फ्रिजचा कप्पा, डबा, सुरी, पाट साबणाने धुवायचं. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, थांबतात. पुन्हा तापवल्याने सगळं सुरक्षित होतं हेही खरं नाही: स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस सेरियस या जिवाणूंनी अन्नात आधीच सोडलेलं विष उकळूनही टिकतं. लिंबू किंवा व्हिनेगर पिळल्याने फार तर चव बदलते. कच्चं मांस नळाखाली धुतल्याने जंतू कमी होण्याऐवजी शिंतोड्यांबरोबर शेजारच्या भांड्यांवर जातात. ते न धुता थेट शिजवणं बरं. पालेभाजी मात्र वाहत्या पाण्याखाली धुवावीच, पण साथीत जाहीर झालेली पालेभाजी धुऊन खाण्याचा धोका पत्करू नये.

राहिला शेवटचा आक्षेप, घबराटीचा. तो ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९८८ ला फार मोठ्याने घेतला गेला. कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला शिरला आहे असं सांगितलं, अंड्यांची विक्री कोसळली, आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. 'बहुतेक' हा शब्द अवाजवी होता, कोंबडीपालकांचं खूप नुकसान झालं, हे सगळं मान्य. पण अंड्यांतून साल्मोनेला पसरत होता ही गोष्ट खोटी नव्हती, आणि त्या शब्दाची शिक्षा देऊन ती गोष्ट मिटली नाही. कच्ची आणि अर्धवट शिजलेली अंडी गरोदर बाया, तान्ही मुलं आणि म्हाताऱ्यांनी टाळावीत हा सल्ला पुढे जवळजवळ तीस वर्षं राहिला. म्हणजे तितकी वर्षं सगळा भार स्वयंपाकघराने उचलला. १९९८ मध्ये तिथल्या अंडी उत्पादकांनी तपासलेल्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का मारण्याची योजना आणली, कोंबड्यांना साल्मोनेलाची लस देणं सुरू केलं, कळपांची नोंद आणि तपासणी बांधून घेतली. अंड्यांतून होणारा आजार घटत गेला. २०१७ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने जाहीर केलं की शिक्क्याचं अंडं आता गरोदर बाई, लहान मूल आणि म्हातारं माणूस यांनीही अर्धवट शिजवून खायला हरकत नाही.